शेततळ्याचा पाऊस मागच्या थ्रेडवर: प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, लातूर

पुढच्या नोंदी बहुतेक आमच्या प्रोग्रामच्या वेगाबद्दलच असतील, म्हणून मूळ काम काय आहे ते आधी लिहून ठेवते.

शेतकरी गटाचा प्रश्न साधा आहे: आपल्या रानाला केवढं शेततळं काढावं? ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, बाजूंचा उतार एकास एक धरला तर, २१९६ घनमीटर पाणी धरतं. एका एकराला ५० मिलिमीटरचं एक संरक्षित पाणी द्यायला सुमारे २०२ घनमीटर लागतात. म्हणजे तळं काठोकाठ असेल तर दहा एकरांना एक पाणी बसतं. पण ऑगस्टात पावसानं उघडीप दिली, सोयाबीन फुलात किंवा शेंगेत आहे, त्या आठवड्यात तळं काठोकाठ असेल का? आपल्याकडे गाडं अडतं ते इथंच. वर्षाच्या सरासरी पावसावरून याचं उत्तर निघत नाही. पाऊस कोणत्या दिवशी, किती आणि कशामागून पडला यावर सगळं आहे.

उदाहरणार्थ, काळ्या रानाचा कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते ठरवणारा जमिनीचा आकडा) ८० धरला तर १२.७ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस जमिनीतच मुरतो, तळ्याकडे थेंबही वाहत नाही. एकाच दिवशी ६० मिलिमीटर पडला तर सुमारे २० मिलिमीटर वाहून येतो, म्हणजे हेक्टरी २०० घनमीटर. दोन हेक्टरांच्या पाणलोटावर असे पाच-सहा दिवस मिळाले तर तळं भरतं. महिनाभर रिमझिम लागून राहिली तर पीक खूश, तळं कोरडं.

म्हणून आम्ही १ जून ते ३० सप्टेंबर हा १२२ दिवसांचा हंगाम संगणकावर हजारो वेळा घडवतो. प्रत्येक दिवसाचा पाऊस यादृच्छिक (रँडम) संख्यांतून काढायचा, त्यातून वाहणारं पाणी, बाष्पीभवन, उपसा, आणि शेवटी तळं पुरलं की नाही. पाऊसमानाची गणितं परभणीचे सर बघतात, प्रोग्राम माझ्याकडे.

५ डिसेंबर

पाऊस कसा तयार होतो, ते टप्प्यांत. आधी दिवस ओला की कोरडा. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस असेल तर तो पावसाचा दिवस. काल कोरडा होता तर आज ओला असण्याची शक्यता एक, काल ओला होता तर दुसरी. ही मार्कोव्ह साखळी दैनंदिन पावसाला लावण्याची पद्धत जुनी आहे. १९६२ साली गॅब्रिएल आणि न्यूमन यांनी तेल अवीवच्या पावसावर ती वापरली होती. एक यादृच्छिक संख्या घ्यायची, शक्यतेशी ताडून पाहायची, झालं. हे अगदी स्वस्त.

महाग आहे ते पुढचं. ओल्या दिवशी किती पडला हे गॅमा वितरणातून (कोणता आकडा किती वेळा यावा ते सांगणाऱ्या एका सूत्रातून) काढतो. मार्साग्लिया आणि त्सांग यांची २००० सालची रीत वापरली आहे: एक प्रसामान्य (नॉर्मल वितरणातली) संख्या, एक शून्य ते एकमधली साधी संख्या, एक कसोटी, कसोटीला उतरली नाही तर पुन्हा. बहुतेक वेळा पहिल्या फटक्यातच उतरते. पण आमच्या पावसाचा आकार-प्राचल (सूत्राचा आकार ठरवणारा आकडा) एकाहून कमी येतो, कारण लहान सरी पुष्कळ आणि मुसळधार थोड्या. ही रीत एकाच्या वरच थेट चालते. एकाहून कमी असेल तर आधी प्राचलात एक मिळवून संख्या काढायची, मग तिला दुसऱ्या एका संख्येच्या घातानं गुणायचं. तो घात काढणं प्रोसेसरला जड जातं.

आज प्रोफाइलर (प्रोग्रामचा वेळ कुठं जातो ते दाखवणारं साधन) लावून बघितलं. वेळाचे पाच भाग केले तर तीन पाऊस तयार करण्यात जातात, दोन तळ्याच्या हिशेबात. आणि पावसाच्या तीन भागांतही कच्च्या संख्या काढण्याचा वाटा छोटा, लॉगॅरिदम आणि घात यांचा मोठा. ‘रँडम नंबर जनरेटर हळू आहे’ असं आम्ही सरसकट म्हणत होतो. खरं तर कच्ची संख्या काही नॅनोसेकंदांत निघते. तिचा पाऊस करायलाच वेळ लागतो.

वेग हवा कशाला, हेही लिहिते. १०,००० हंगामांत एखादी शक्यता ०.३ आली तर तिची प्रमाण त्रुटी ०.००४६, म्हणजे अर्धा टक्काही नाही. एवढं पुरेसं वाटतं. पण सरांचं म्हणणं, आपल्या शक्यताच मुळात तीसेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या आहेत, त्या स्वतःच डळमळीत. म्हणून नोंदींची पुनर्निवड करून प्राचलांचे २०० संच बनवायचे आणि प्रत्येकाचे १०,००० हंगाम चालवायचे. झाले वीस लाख हंगाम, २४ कोटी ४० लाख दिवस. त्यावर तळ्याचे पाच आकार आणि पाणलोटाचे सहा आकार, म्हणजे तीस जोड्या. हे एका थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच धाग्यावर, चालवत बसणं परवडत नाही.

११ डिसेंबर

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच: संख्या मागच्या थ्रेडवर तयार करून ठेवायच्या, पुढच्या थ्रेडनं त्या उचलायच्या. रात्री लाइट असते तेव्हा विहिरीचं पाणी हौदात चढवून ठेवतात आणि दिवसा ठिबक चालवतात, तसाच हा हौद. मोटार आणि ठिबक एकमेकांसाठी थांबत नाहीत.

पण हौदातून पाणी कसं घ्यायचं यावर सगळं ठरतं. एकेक संख्या मागायची आणि प्रत्येक वेळी लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावायचा-सोडायचा, असं केलं तर लॉकचाच खर्च संख्येच्या खर्चाहून जास्त होतो. मुद्दाम तसं चालवून बघितलं: दोन थ्रेड असून प्रोग्राम एका थ्रेडपेक्षा हळू. याच कारणानं जीएनयूच्या सी लायब्ररीतलं ‘रँड’ फंक्शन अनेक थ्रेडमधून बोलावू नये. त्याच्या आत सगळ्यांसाठी एकच स्थिती आणि त्यावर लॉक आहे, सगळे थ्रेड एका दारात रांग लावतात.

म्हणून देवाणघेवाण गठ्ठ्यानं. बफरचे, म्हणजे त्या हौदाचे, आठ खण केले, गोलाकार फिरणारे. मागचा थ्रेड एक खण पूर्ण भरतो, मगच ‘भरला’ अशी खूण करतो. पुढचा थ्रेड तो रिकामा करतो आणि ‘रिकामा’ अशी खूण करतो. खुणा अॅटॉमिक (बदलताना अर्धवट कधीच न दिसणाऱ्या) आहेत: लिहिताना ‘रिलीज’, वाचताना ‘अॅक्वायर’. ही जोडी का लागते तर ‘भरला’ ही खूण दिसली की खणातला मजकूरही दिसायलाच हवा. साधा बूलियन (हो/नाही) ठेवला तर कंपायलर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा) किंवा प्रोसेसर क्रम बदलू शकतो आणि अर्धा जुना, अर्धा नवा खण पुढच्या थ्रेडच्या हाती पडतो. हा दोष वाईट, कारण प्रोग्राम कोसळत नाही. तो नीट चालतो आणि चुकीचा पाऊस पाडतो. थ्रेड सॅनिटायझर (असे दोष पकडणारं साधन) लावल्याशिवाय एकही धाव खरी मानायची नाही, असं ठरवून टाकलं.

१२ डिसेंबर

खुणांचे दोन मोजक शेजारी शेजारी होते. ते कॅशेच्या (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) ६४ बाइटच्या एकाच ओळीत बसतात. प्रोसेसरच्या एका कोअरनं आपला मोजक बदलला की दुसऱ्याच्या कॅशेमधली ओळ बाद होते, जरी दुसरा मोजक कुणी हलवलेला नसला तरी. दोन्ही ६४ बाइटच्या सीमेवर वेगळे केले. एका ओळीचा बदल, पण फरक डोळ्यांना दिसतो.

१९ डिसेंबर

आकडेमोड. पाऊस तीन भाग, तळं दोन भाग. मागे एक थ्रेड ठेवला तर एकूण वेळ तीन भागांच्या खाली जाऊच शकत नाही, कारण हौद भरण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगानं तो रिकामा होणार नाही. म्हणजे पाचाचे तीन, १.६७ पट. मागे दोन थ्रेड ठेवले तर पाऊस दीड भागात होतो आणि आता तळं अडवतं: पाचाचे दोन, अडीच पट. तिसरा मागचा थ्रेड जोडून काहीही मिळत नाही. प्रत्यक्ष मोजमापही या आकड्यांच्या जरा खालीच येतं आहे, म्हणजे रचना नीट आहे.

मोजताना एक काळजी: हा लॅपटॉप चारही कोअर जोरात चालले की काही मिनिटांत तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. थंड मशीनवरचा आकडा धरायचा नाही. आधी तापू द्यायचा, मग मोजायचं.

पण मागे दोन थ्रेड ठेवले की नवा प्रश्न उभा राहतो, आणि मला तो वेगापेक्षा मोठा वाटतो. दोन्ही थ्रेड एकाच रांगेत खण टाकतात. कोणाचा खण आधी येईल हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवर. म्हणजे तोच सीड (संख्यांची सुरुवात ठरवणारा आकडा), तोच प्रोग्राम, आणि आज १७४२ क्रमांकाच्या हंगामाला जो पाऊस मिळाला तो उद्या १८०६ क्रमांकाला मिळेल. दोनदा चालवून उत्तरं ताडली: तिसऱ्या-चौथ्या दशांशाला वेगळी.

सर फोनवर म्हणाले, “संख्याशास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत. त्रुटीच्या आत आहेत.” बरोबर आहे त्यांचं. तरी मला हे मान्य नाही. उद्या कुणी विचारलं की या रानाला हा आकडा कसा आला, तर तो जशाच्या तसा पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे. आणि दोष शोधायचा म्हटलं तरी, ज्या हंगामात तळं उणे पाण्यावर गेलं तोच हंगाम पुन्हा घडवता येत नसेल तर शोधायचं कुठं?

३० डिसेंबर, येळवस (वेळ अमावस्या)

आज काम नाही म्हणता म्हणता झालंच. मामांच्या रानात, औसा तालुक्यात. कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील. हरभरा छान आलाय, ज्वारी गुडघ्याच्या वर.

जेवण झाल्यावर मामांनी बांधाजवळची खोलगट जागा दाखवली, तळं तिथं घ्यायचं त्यांच्या मनात आहे. मी आमच्या हिशेबाबद्दल सांगायला लागले तर ते म्हणाले, “धा वर्सात किती येळा पुरंल तेवढं सांग. अन् आज येक, उद्या येक आसं नगं सांगू. पैका घालायचाय आम्हाला.”

सरांना रात्री हे जसंच्या तसं कळवलं. त्यांचं उत्तर: “मग क्रम पक्का कर. मला पटलं.”

३ जानेवारी २०२५

आतापर्यंत आपण मर्सेन ट्विस्टर वापरत होतो. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचा हा जनरेटर १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्याचं आवर्तन दोनाच्या १९९३७ व्या घातातून एक वजा एवढं प्रचंड आहे, कामाचा आहे, बदनाम करण्यासारखं काही नाही. पण त्याची स्थिती ६२४ शब्दांची (३२ बिटांचा एक शब्द), जवळजवळ अडीच किलोबाइट, आणि पुढची संख्या मागच्या स्थितीवरच अवलंबून. मधल्याच एका हंगामाच्या संख्या हव्या असतील तर तिथवर चालत जावं लागतं किंवा उडी मारण्याचं वेगळं गणित करावं लागतं.

पर्याय दोन बघितले. एक, झोशिरो घराण्यातले ब्लॅकमन आणि विन्या यांचे जनरेटर. ते फार चपळ, आणि त्यात दोनाच्या १२८ व्या घाताइतक्या पावलांची उडी तयार मिळते. प्रत्येक थ्रेडला आपापला तुकडा देता येतो. पण तुकडा थ्रेडला बांधला की थ्रेडची संख्या बदलताच उत्तर बदलतं. माझ्या चार कोअरवर एक उत्तर, सरांच्या आठ कोअरवर दुसरं.

दुसरा पर्याय घेतला: फिलॉक्स. साल्मन, मोराएस, ड्रोर आणि शॉ यांनी २०११ साली मांडलेला. याला पुढे-मागे असं काही नाही. आत १२८ बिटांचा एक मोजक आणि ६४ बिटांची किल्ली टाकायची, दहा फेऱ्यांत गुणाकार आणि घुसळण होते, बाहेर ३२ बिटांच्या चार संख्या येतात. तोच मोजक, तीच किल्ली, तर त्याच संख्या, कुणीही, कधीही, कुठल्याही थ्रेडवर काढल्या तरी. क्रमाची स्थिती सांभाळायचीच नाही.

मोजकाचे ३२ बिटांचे चार शब्द आहेत. मी ते असे वाटून दिले: पहिला शब्द प्राचल-संचाचा क्रमांक, दुसरा हंगामाचा, तिसरा दिवसाचा, चौथा त्या दिवसातल्या सोडतीचा. किल्लीत सीड. म्हणजे ‘संच ३७, हंगाम १७४२, दिवस ७४’ हा एक पत्ता झाला. १ जूनपासून चौऱ्याहत्तरावा दिवस म्हणजे १३ ऑगस्ट. त्या दिवसाचा पाऊस हवा? पत्ता टाका, पाऊस घ्या. गॅमाच्या कसोटीत संख्या नापास झाली तर चौथा शब्द एकानं वाढवायचा. शेजारच्या दिवसाला त्याचा धक्का लागत नाही.

याचा एक फायदा आधी लक्षात नव्हता. सरांनी जुलैचं प्राचल दुरुस्त केलं तर पूर्वी त्यापुढच्या सगळ्या संख्या सरकायच्या आणि ऑगस्टही वेगळाच दिसायचा. आता ऑगस्टच्या सोडतीला त्याच संख्या मिळतात. जुलैच्या बदलाचा परिणाम तेवढा वेगळा काढून बघता येतो.

जनरेटर निवडताना वेगावर भुलू नये याचं उदाहरण सरांनी विद्यार्थ्यांना नेहमी सांगितलेलं आहे: आयबीएमच्या मशीनवरचा रँडू. गुणक ६५५३९, मापांक दोनाचा ३१ वा घात, निव्वळ सोयीसाठी निवडलेले. त्याच्या लागोपाठच्या तीन तीन संख्या घेऊन घनात बिंदू मांडले तर ते सगळे अवघ्या १५ प्रतलांवर पडतात. त्यावर उभी केलेली सिम्युलेशनं किती जणांनी खरी मानली असतील! फिलॉक्स ल’एक्युये आणि सिमार यांच्या टेस्टयू०१ या कसोट्यांच्या संचातून, त्यातल्या सर्वांत कडक बिगक्रशमधूनही, उतरलेला आहे.

९ जानेवारी

पत्त्याची रीत बसल्यावर एक गोष्ट उघड दिसायला लागली. पाऊस तळ्याच्या आकारावर अवलंबून नाही. ढगाला काय माहीत खाली केवढा खड्डा आहे. मग तीस जोड्यांसाठी तीस वेळा पाऊस का तयार करायचा? एकदा हंगाम तयार करायचा आणि तीसही तळ्यांवर तोच पाडायचा.

हिशेब असा: पूर्वी प्रत्येक जोडीला पाच भाग, तीस जोड्यांचे १५० भाग. आता पाऊस एकदाच तीन भाग, तळी तीस गुणिले दोन, ६० भाग, एकूण ६३. एकही थ्रेड न वाढवता अडीच पटीच्या आसपास.

आणि नुसता वेगच नाही, उत्तरही चांगलं होतं. २१९६ घनमीटरचं तळं आणि त्याहून मोठं तळं, यांची तुलना करताना दोघांवर वेगवेगळा पाऊस पडला तर फरकात पावसाचा गोंधळ मिसळतो. तोच पाऊस दोघांवर पडला तर जो फरक उरतो तो आकाराचाच. मामांना हवं आहे ते हेच: जास्तीची खोदाई आणि जास्तीचा कागद (तळ्याचं प्लास्टिकचं अस्तर) किती वर्षं कामी येईल.

त्यामुळे मागच्या थ्रेडनं पुढे काय द्यायचं हेही बदललं. कच्च्या संख्या देत नाही, तयार हंगाम देतो. एक हंगाम म्हणजे १२२ आकडे, चार बाइटचा एक, ४८८ बाइट. एका खणात ६४ हंगाम, सुमारे ३१ किलोबाइट. आठ खणांचे अडीचशे किलोबाइट. म्हणजे सगळा माल कोअरजवळच्या कॅशेमध्ये किंवा तिच्या पलीकडच्या पातळीवर मावतो, मुख्य मेमरीपर्यंत जावं लागत नाही. खण मोठे केले तर खुणांचा खर्च आणखी कमी होईल असं वाटतं, पण तो आधीच नगण्य आहे, आणि खण कॅशेबाहेर गेला की मेमरीची वाट बघण्यात कमावलेलं जातं.

१७ जानेवारी

आता वजनं उलटली आहेत. पाऊस तीन, तळी साठ. मागचा थ्रेड आठ खण चटकन भरतो आणि बसून राहतो. चार कोअरपैकी एक पावसाला, तीन तळ्यांना दिले तर वेळ ६० भागिले ३, म्हणजे २० भाग. त्याऐवजी चारही कोअरना सारखंच काम दिलं, प्रत्येकानं आपल्या वाट्याच्या हंगामांचा पाऊस स्वतःच करायचा आणि स्वतःच तळ्यांवर पाडायचा, तर ६३ भागिले ४, म्हणजे पावणेसोळा भाग.

म्हणजे मोठ्या रात्रभराच्या धावेला मागचा थ्रेड नकोच. एवढे दिवस ज्यासाठी खण, खुणा आणि कॅशे ओळी बसवल्या, ते या धावेतून काढून टाकलं. वाईट वाटत नाही. पत्त्याची रीत त्या वाटेनं गेल्यामुळेच सापडली, आणि ती रीत असल्यामुळेच हे काढणं पाच मिनिटांचं काम ठरलं. कोण पाऊस करतो याला आता महत्त्वच नाही.

एक बारीक गोष्ट राहिली होती. हंगाम कोणत्याही थ्रेडवर सारखाच येत असला तरी शेवटी सरासरी काढताना बेरीज कोणत्या क्रमानं होते यावर शेवटचे अंक हलतात, कारण दशांश संख्यांची बेरीज संगणकात क्रमाप्रमाणे किंचित बदलते. ‘तळं पुरलं ती वर्षं’ ही पूर्णांक मोजणी आहे, तिला हा त्रास नाही. बाकीच्यांसाठी प्रत्येक गठ्ठ्याची उपबेरीज त्याच्या क्रमांकाच्या जागी ठेवते आणि शेवटी एकच थ्रेड क्रमानं बेरीज करतो. एक, दोन, तीन, चार थ्रेडवर चालवून निकालाची फाइल बाइट-बाइट ताडली. चारही सारख्या.

२१ जानेवारी

परभणीच्या मशीनवर निकाल जरासा वेगळा. अगदी तुरळक हंगाम, पण वेगळे. शोधलं तेव्हा कारण कंपायलरच्या पर्यायात निघालं. त्यांच्याकडे मशीननुसार सूचना निवडण्याचा पर्याय चालू होता, त्यामुळे गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत, मधल्या उत्तराचं राउंडिंग (शेवटचे अंक छाटणं) न करता होत होती. गॅमाच्या कसोटीत एखादी संख्या अगदी उंबरठ्यावर असेल तर तेवढ्या फरकानं ती एका मशीनवर पास आणि दुसऱ्यावर नापास होते. मग त्या दिवसाचा पाऊस पूर्ण निराळा. हे एकत्रीकरण बंद करण्याचा पर्याय बिल्डच्या फाइलमध्येच लिहून टाकला. दोन्हीकडे गणिताची लायब्ररीही एकाच आवृत्तीची ठेवली, कारण घात आणि लॉगॅरिदमचा शेवटचा बिट लायब्ररीगणिक बदलू शकतो. आता जुळतं.

२५ जानेवारी

आज वेगाचं नाही, पावसाचं. सरांनी तयार हंगाम खऱ्या नोंदींशेजारी ठेवून बघितले. ओल्या दिवसांची संख्या जुळते, महिन्याचा पाऊस जुळतो. सलग कोरड्या दिवसांत मात्र खऱ्या नोंदीतले लांब खंड आपल्याकडे कमी पडतात. फक्त कालचा दिवस बघणाऱ्या साखळीचा हा ठाऊक असलेला उणेपणा आहे, आणि आपल्याला नेमका तोच बोचतो, कारण तळ्याची परीक्षा खंडातच होते. खंड कमी दाखवला तर तळं आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल, आणि शेतकरी त्या भरवशावर कर्ज काढेल.

काल आणि परवा असे दोन्ही दिवस बघणारी साखळी लावली. प्राचलं दुप्पट झाली, सोडती तेवढ्याच राहिल्या. वेळात फरक नाही म्हणावा इतका. खंडांची लांबी बरीच सुधारली, अजून पुरती नाही. सर पंधरवड्यागणिक प्राचलं करून बघणार आहेत. वीस लाख हंगाम कितीही लवकर झाले तरी ते चुकीच्या साखळीचे असतील तर काय उपयोग. उलट वेगामुळे हे तपासणं तरी हाताशी आलं. पूर्वी असा एक बदल करून बघायला रात्र जायची.

३१ जानेवारी

मागचा थ्रेड परत आला, दुसऱ्या कामाला. गटाच्या बैठकीत लॅपटॉपवर दाखवायचं छोटं साधन करतो आहोत. महसूल मंडळ निवडायचं, मग पाणलोट किती, उतार कसा, पीक कोणतं, किती एकर, कागद टाकणार का. हे सगळं विचारून भरायला चांगली पाच मिनिटं लागतात. लोक आपसात बोलतात, कुणी सातबारा काढतो, कुणी म्हणतो एकर नाही गुंठे धरा. एवढा वेळ प्रोसेसर मोकळा असतो. आणि पावसाला लागतं फक्त मंडळाचं नाव, जे पहिल्याच प्रश्नात मिळालं.

म्हणून मंडळ निवडलं की मागचे थ्रेड पाऊस पाडायला लागतात. पाणलोट भरेपर्यंत दहा हजार हंगाम तयार असतात. उरतो तो तळ्याचा हिशेब, तो आकडा टाकल्याबरोबर दिसतो. आकार बदलला तरी पाऊस तोच, त्यामुळे आकडे उगाच नाचत नाहीत. तळं मोठं केलं तर ‘पुरलं’ची वर्षं बहुतेक वेळा वाढतात किंवा तेवढीच राहतात.

दोन गोष्टी सांभाळल्या. मंडळ मध्येच बदललं तर जुनं काम थांबलं पाहिजे. प्रत्येक खणानंतर थ्रेड थांबण्याची खूण तपासतो. आणि पाऊस अर्धाच झाला असताना कुणी उत्तर मागितलं तर हाती लागतील ते खण वापरायचे नाहीत, शून्यापासून सलग पूर्ण झालेलेच वापरायचे, आणि किती हंगामांवरचं उत्तर आहे ते शेजारी लिहायचं. ‘पहिल्या २५६० हंगामांचं’ उत्तरही मग कधीही तेच येतं.

रात्रीची मोठी धाव आणि हे साधन, दोन्हींचे पहिले दहा हजार हंगाम ताडले. रचना वेगळ्या, थ्रेड वेगळे, पाऊस तोच.

४ फेब्रुवारी

औशाच्या गटासमोर पहिल्यांदा दाखवलं. मामांनी आपलं रान टाकायला लावलं. उत्तर आल्यावर त्यांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडायला सांगितला आणि सगळं परत भरून घेतलं. तोच आकडा आला. मग त्यांनी खोली तीन मीटरऐवजी अडीच करून बघितली, मग पाणलोटात शेजाऱ्याचा तुकडा धरला तर काय, ते बघितलं. शेजारी तिथंच बसले होते, त्यांनी मान हलवली, आणि चर्चा तळ्यावरून बांधावर गेली.

लोकांच्या मागण्या: तुरीचं पाणी सप्टेंबरनंतर लागतं, म्हणून हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत वाढवायचा. दिवसाच्या शब्दात ३२ बिट आहेत, १२२ चे १८३ झाले तरी पत्ते बदलत नाहीत. आधीचे १२२ दिवस जसेच्या तसे राहतील. परतीच्या पावसाची प्राचलं सर देतील. बाष्पीभवन सध्या महिन्याच्या सरासरीवर आहे, ते ओल्या-कोरड्या दिवसाप्रमाणे वेगळं करायचं. निलंगा आणि रेणापूरच्या नोंदी आल्यात, त्यातले गाळलेले दिवस आधी तपासायचे.